ताऱ्यांप्रमाणे प्रकाशणारे : नीतिमान जीवन आणि इतरांना श्रद्धेकडे नेण्याची आपली जबाबदारी

उपासना वर्षाच्या अखेरीस, सामान्य काळातील तेहतिसाव्या रविवारी (ब वर्ष), दानीएलच्या ग्रंथातील एक छोटासा उतारा आपण पहिले वाचन म्हणून ऐकतो. संकटकाळाचे वर्णन करून झाल्यावर संदेष्टा दोन प्रकारच्या लोकांविषयी बोलतो. सुज्ञ जन अंतराळाच्या तेजासारखे झळकतील आणि पुष्कळांना नीतिमत्त्वाकडे वळविणारे लोक ताऱ्यांप्रमाणे युगानुयुग प्रकाशतील, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे (दानीएल १२:३). हे वाचन ऐकताना आपल्यापैकी बहुतेकांच्या मनासमोर धर्मगुरू, धर्मभगिनी, दूरदेशी गेलेले मिशनरी किंवा धर्मशिक्षणाचे वर्ग घेणारे शिक्षक उभे राहतात. ‘हे वचन आपल्यासाठी नव्हे, त्यांच्यासाठी आहे’ असे मानून आपण पुढच्या वाचनाकडे वळतो.

हे वचन कोणासाठी आहे, ‘नीतिमत्त्व’ या शब्दाने पवित्र शास्त्राला काय अभिप्रेत आहे आणि स्वतः नीतीने जगणे व दुसऱ्याला श्रद्धेकडे नेणे या दोन गोष्टींचा परस्परांशी कोणता संबंध आहे, याचा थोडा विचार आपण या लेखात करणार आहोत.

‘नीतिमत्त्व’ म्हणजे काय?

जुन्या करारात यासाठी ‘त्सेदेक’ आणि ‘त्सेदाका’ हे हिब्रू शब्द येतात. आपण ‘नीतिमान’ म्हटले की निर्व्यसनी, सोज्वळ, कोणाच्या अध्यात ना मध्यात अशा माणसाची प्रतिमा डोळ्यांपुढे येते. हिब्रू शब्दाचा अर्थ याहून व्यापक आहे. देवाशी आणि माणसांशी जडलेल्या नात्याला साजेसे वागणे, त्या नात्यातून येणारे देणे चुकते करणे, हा त्याचा गाभा आहे. म्हणूनच लेवीय या पुस्तकात वजने, मापे आणि तराजू खरे असावेत अशी आज्ञा देताना हाच ‘त्सेदेक’ शब्द योजला आहे (१९:३६). मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी त्याच्या हाती पडावी, कारण तिच्यावरच त्याचा जीव अवलंबून असतो, असे अनुवादाचे पुस्तक सांगते (२४:१४-१५). गरिबाकडून गहाण घेतलेले पांघरूण त्याला रात्री परत द्यावे, ही गोष्ट देवाच्या दृष्टीने ‘त्सेदाका’ ठरेल, असेही त्याच अध्यायात म्हटले आहे (२४:१३). म्हणजे ज्या शब्दाने शास्त्र देवाच्या न्याय्य स्वभावाचे वर्णन करते, तोच शब्द बाजारातल्या तराजूला आणि गरिबाच्या पांघरुणालाही लागू होतो.

दुसरी महत्त्वाची बाब अशी की, नीतिमत्त्व आणि ते दुसऱ्याला देणे या गोष्टी शास्त्रात आरंभापासून एकत्र येतात. देवाने अब्राहामाला का निवडले याचे कारण उत्पत्तीच्या पुस्तकात दिले आहे. त्याने आपल्या मुलाबाळांना आणि घराण्याला नीतीने व न्यायाने वागून प्रभूच्या मार्गावर चालण्यास शिकवावे, यासाठी ही निवड आहे (१८:१९). याच्या लगेच पुढे सदोम नगरासाठी अब्राहामाने केलेली विनवणी येते. पन्नासापासून सुरू झालेली ती विनवणी दहा नीतिमान माणसांवर येऊन थांबते. दहा माणसे नीतीने जगत असतील तर त्यांच्यामुळे सारे नगर वाचू शकते, हा त्या संवादाचा अर्थ आहे. नीतिमान माणसाचे जीवन त्याच्या एकट्याच्या तारणापुरते मर्यादित नसते, हे इथेच स्पष्ट होते.

दानीएलचे सुज्ञ जन आणि वृद्ध एलाजार

आता दानीएलच्या वचनाकडे पुन्हा वळू. या ग्रंथाला आजचे स्वरूप ख्रिस्तपूर्व १६७ ते १६४ या छळाच्या काळात मिळाले, असे बहुतेक बायबल-अभ्यासक मानतात. सीरियाचा ग्रीक राजा चौथा अंत्युखस एपिफानेस याने यहुदी धर्माचरणावर बंदी घातली होती. सुंता, शब्बाथ आणि नियमशास्त्राचे ग्रंथ बाळगणे हे मृत्युदंडाचे गुन्हे ठरले होते. यरुशलेमच्या मंदिरात परक्या दैवताची वेदी उभी राहिली होती. अशा वेळी तलवार न उचलता विश्वासाला धरून राहिलेल्या आणि इतरांना धीर देणाऱ्या लोकांना दानीएलचा ग्रंथ ‘मस्किलीम’, म्हणजे सुज्ञ, असे म्हणतो. यशयाच्या ग्रंथातील दुःख सोसणाऱ्या सेवकाच्या गीताशी या शब्दाचे जवळचे नाते आहे. तिथेही तो नीतिमान सेवक स्वतः सोसून पुष्कळांना नीतिमान ठरवितो (यशया ५३:११). म्हणून अभ्यासक दानीएलच्या वचनाला यशयाच्या त्या गीताचा सर्वांत जुना अर्थबोध मानतात.

हे सुज्ञ जन प्रत्यक्षात कसे असतील, हे समजण्यासाठी मकाबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा सहावा अध्याय वाचावा. आपल्या कॅथलिक बायबलमध्ये हे पुस्तक समाविष्ट आहे, परंतु घरोघरी ते फारसे वाचले जात नाही.

एलाजार हा नव्वद वर्षांचा मान्यवर शास्त्री होता. त्याचे तोंड बळजबरीने उघडून त्याला डुकराचे मांस खायला लावण्याचा प्रयत्न झाला. त्याने ते थुंकून टाकले आणि मृत्युदंडाच्या दिशेने आपण होऊन पावले टाकली. त्या यज्ञभोजनाची व्यवस्था पाहणारे अधिकारी त्याच्या जुन्या ओळखीचे होते. त्यांनी त्याला बाजूला घेऊन एक मार्ग सुचविला. त्याने आपल्याला चालेल असे मांस घरून आणावे, तेच खावे आणि राजाज्ञेप्रमाणे खाल्ल्याचा केवळ देखावा करावा. नियमही मोडणार नव्हता आणि जीवही वाचणार होता.

एलाजारने हा मार्ग नाकारला. त्याने दिलेले कारण आपण नीट ध्यानात घेतले पाहिजे. आपल्या वयाला ढोंग शोभत नाही, असे तो म्हणाला. नव्वदाव्या वर्षी एलाजार परक्या धर्मात गेला असे तरुणांना वाटेल आणि आपल्या उरलेल्या थोड्याशा आयुष्यासाठी केलेल्या या सोंगामुळे ते मार्गभ्रष्ट होतील, ही त्याची चिंता होती. शिवाय माणसांच्या शिक्षेतून सुटका झाली तरी सर्वसमर्थ देवाच्या हातून, जिवंत वा मृत, आपण सुटणार नाही, याचीही त्याला जाणीव होती. तरुणांसाठी एक चांगला आदर्श मागे ठेवून तो मरणाला सामोरा गेला. पुस्तकाचा लेखक पुढे नमूद करतो की, त्याचे मरण तरुणांनाच नव्हे, तर सबंध राष्ट्राला सद्गुणाचे स्मारक ठरले.

याच्या पुढच्याच अध्यायात सात भाऊ आणि त्यांची आई यांची हकीगत येते. वृद्धाने केलेले तरुणांनी पाहिले आणि त्याच वाटेने ते गेले, असाच हा क्रम आपल्यापुढे मांडलेला आहे. एलाजारने कोणाला प्रवचन दिले नव्हते. आपले वागणे कोण पाहत आहे आणि त्यातून तो काय शिकणार आहे, एवढेच त्याने ओळखले होते. पुष्कळांना नीतिमत्त्वाकडे वळविणे याचा शास्त्रातील हा जिवंत नमुना आहे.

दिसावे की दिसू नये?

प्रभू येशूच्या डोंगरावरील प्रवचनात एक विसंगती अनेक वाचकांना जाणवते. पाचव्या अध्यायात प्रभू शिष्यांना जगाचा प्रकाश म्हणतो आणि लोकांनी त्यांची सत्कर्मे पाहून स्वर्गीय पित्याचा गौरव करावा, म्हणून तो प्रकाश लोकांसमोर पडू द्यावा असे सांगतो (मत्तय ५:१४-१६). सहाव्या अध्यायाच्या आरंभी मात्र लोकांनी पाहावे म्हणून आपले धर्माचरण त्यांच्यासमोर करू नये, असा इशारा देतो (६:१). मग सत्कर्मे दिसावीत की दिसू नयेत?

उत्तर त्या वचनांतच आहे. पहिल्या ठिकाणी पाहणाऱ्याची दृष्टी पित्याकडे जाते, दुसऱ्या ठिकाणी ती करणाऱ्यावरच थांबते. दिव्याचे काम घरातील वस्तू दिसू देणे हे आहे; दिव्याकडे टक लावून पाहावे म्हणून कोणी तो पेटवीत नाही. दानधर्म, प्रार्थना आणि उपवास या तीन गोष्टी गुप्तपणे कराव्यात असे प्रभू सांगतो, कारण त्यांचे प्रदर्शन सहज मांडता येते. खरेपणा, क्षमाशीलता आणि गरिबाविषयीचा आदर मात्र झाकून ठेवता येत नाहीत, ते सोबत राहणाऱ्यांना आपोआप दिसतात. पाचव्या अध्यायातील ‘सत्कर्मे’ या शब्दासाठी मूळ ग्रीकमध्ये योजलेल्या ‘कालोस’ या विशेषणात ‘चांगले’ आणि ‘सुंदर’ असे दोन्ही अर्थ सामावलेले आहेत. चांगुलपणात माणसाला ओढून घेणारे सौंदर्य असावे, असे त्यातून सूचित होते.

याच शुभवर्तमानात ज्याला प्रथम ‘नीतिमान’ म्हटले आहे तो संत योसेफ आहे (मत्तय १:१९). चारही शुभवर्तमानांत त्याच्या तोंडी एकही वाक्य नाही. तरीही मरियेचा सन्मान राखणारा, रात्री उठून बाळाला आणि त्याच्या आईला घेऊन मिसरला निघणारा, नाझरेथमध्ये सुतारकाम करून कुटुंब पोसणारा हा अबोल माणूस ख्रिस्तसभेने आपला पालक मानला आहे. पोप नववे पायस यांनी १८७० साली त्याला विश्वव्यापी ख्रिस्तसभेचा पालक म्हणून घोषित केले.

वागण्याने माणसे दूरही जातात

जे वागणे माणसाला देवाकडे आणते तेच त्याला देवापासून दूरही नेऊ शकते. शास्त्र ही गोष्ट लपवून ठेवीत नाही. विश्वास ठेवणाऱ्या लहानांपैकी एकालाही अडखळविणाऱ्याविषयी प्रभूने जाते गळ्यात बांधून समुद्रात बुडविण्याची कठोर उपमा वापरली आहे (मत्तय १८:६).

खुद्द प्रेषितप्रमुख पेत्राच्या बाबतीत अंत्युखियात जे घडले ते संत पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात नोंदविले आहे (२:११-१४). पेत्र परराष्ट्रीय ख्रिस्ती बांधवांबरोबर एका पंगतीत जेवत असे. यरुशलेमहून याकोबाकडील काही माणसे आली तेव्हा त्यांच्या भीतीने तो त्या पंगतीतून अंग काढून घेऊ लागला. त्याने कोणतीही चुकीची शिकवण दिली नव्हती, फक्त जेवणाची जागा बदलली होती. पण त्याचे पाहून इतर यहुदी ख्रिस्ती आणि शेवटी बर्णबासुद्धा त्या ढोंगात ओढले गेले. पौलाने सर्वांदेखत त्याला विरोध केला, कारण शुभवर्तमानाचे सत्यच त्या पंगतीत पणाला लागले होते. आपल्या देशात कोण कोणाच्या पंगतीला बसतो याला किती अर्थ असतो, हे आपणांस वेगळे सांगण्याची गरज नाही. प्रभुभोजनाला एका वेदीपाशी जमणारे आपण लग्नसोहळ्यात, सोयरीक जुळविताना किंवा घरकामाला येणाऱ्या बाईला चहा देताना कसे वागतो, हे आपली मुले आणि शेजारी पाहत असतात.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘आधुनिक जगातील ख्रिस्तसभा’ या दस्तऐवजात नास्तिकतेच्या कारणांचा विचार केला आहे. श्रद्धावंतांच्या धार्मिक, नैतिक आणि सामाजिक जीवनातील उणिवांमुळे देवाचा खरा चेहरा प्रकट होण्याऐवजी झाकला जातो आणि नास्तिकता वाढण्यात त्यांचाही वाटा असू शकतो, असे परिषदेने तेथे मान्य केले आहे (परिच्छेद १९). तरुण मुले मंदिरात येत नाहीत अशी खंत आपल्या सभांतून वारंवार व्यक्त होते. तिची कारणे अनेक आहेत. परंतु मिस्सेत पुढच्या बाकावर बसणारा मनुष्य जमिनीच्या वाटणीत भावाला कसा वागवितो, हे त्या मुलांनी पाहिलेले असते. ही गोष्ट कारणांच्या यादीतून वगळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

मग निर्दोष माणसानेच बोलावे का?

इथे एक प्रश्न साहजिकच उभा राहतो. आपण सारेच पापी आहोत. आपले घर पूर्ण नीटनेटके झाल्याशिवाय दुसऱ्याशी ख्रिस्ताविषयी बोलायचेच नाही, असे ठरविले तर कोणीच कधी बोलणार नाही.

संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात याचे मूळ उत्तर आहे. नीतिमत्त्व ही आपली कमाई नसून ख्रिस्तावरील श्रद्धेद्वारे मिळणारे देवाचे दान आहे (३:२१-२६). कॅथलिक ख्रिस्तसभा आणि ल्युथरन जागतिक संघ यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे नीतिमान ठरविले जाण्याविषयीच्या ज्या संयुक्त जाहीरनाम्यावर स्वाक्षऱ्या केल्या, त्यातही हे एकत्रितपणे मान्य केलेले आहे. आपल्या कोणत्याही योग्यतेमुळे नव्हे, तर केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो, आणि पवित्र आत्मा आपल्याला सत्कर्मांसाठी नवे करतो. म्हणून ख्रिस्ती माणूस ‘माझ्याकडे पाहा, मी किती चांगला आहे’ असे म्हणत नाही. ‘ज्याने मला उचलले, त्याच्याकडे पाहा’ असे तो म्हणतो.

योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्री हेच करते (अध्याय ४). गावात तिची प्रतिष्ठा नव्हती. भर दुपारी ती एकटी विहिरीवर आली होती. प्रभूने तिचे आयुष्य तिच्यापुढे उघड केले, पण तिचा अवमान केला नाही. ती घागर तिथेच ठेवून गावात धावली आणि ज्याने मी केलेले सारे ओळखले तो मनुष्य येऊन पाहा, असे लोकांना सांगू लागली. पुष्कळांनी तिच्या शब्दावरून विश्वास ठेवला. नंतर प्रभू दोन दिवस त्यांच्यात राहिला, तेव्हा आता केवळ तिच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतः ऐकून आमचा विश्वास बसला आहे, असे त्यांनी तिला सांगितले. दुसऱ्याला श्रद्धेकडे नेणाऱ्याचे काम या टप्प्यापर्यंतच असते. त्याने माणसाला प्रभूजवळ पोहोचवावे आणि स्वतः बाजूला व्हावे.

तेव्हा नीतिमान असणे म्हणजे निष्कलंक असणे नव्हे. आपली चूक कबूल करणे, प्रायश्चित्त संस्कार घेणे, ज्याचे नुकसान केले त्याला भरून देणे, हाही नीतिमान जीवनाचाच भाग आहे. जक्कयाने चौपट परत देण्याचे वचन दिले तेव्हाच तारण त्याच्या घरी आल्याचे प्रभूने जाहीर केले (लूक १९:८-९). आई-वडिलांनी मुलांसमोर एकमेकांची क्षमा मागितली, तर त्यातून मुलांना मिळणारे धर्मशिक्षण कोणत्याही वर्गात मिळणार नाही.

वागणे, बोलणे आणि स्वातंत्र्य

‘आम्ही चांगले वागतो, एवढे पुरे; तोंडाने काही बोलण्याची गरज नाही’ असाही एक सोयीस्कर विचार आपल्यात आढळतो. संत पेत्राच्या पहिल्या पत्रात दोन्ही बाजूंचा समतोल साधला आहे. विश्वास न ठेवणाऱ्या पतीला पत्नीच्या शुद्ध आचरणाने, एकही शब्द न बोलता जिंकता येते, असे तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी म्हटले आहे (३:१-२). त्याच अध्यायात, आपल्या आशेविषयी विचारणाऱ्या प्रत्येकाला उत्तर देण्यास सदैव सिद्ध असावे, मात्र ते सौम्यतेने व आदराने द्यावे, असेही सांगितले आहे (३:१५-१६). आधी जगणे असते, त्यातून समोरच्याला प्रश्न पडतो आणि मग शब्दांची वेळ येते. पोप सहावे पॉल यांनी ८ डिसेंबर १९७५ रोजी शुभवार्ता-प्रसाराविषयी दिलेल्या पत्रकात, आजचा माणूस शिक्षकांपेक्षा साक्षीदारांचे अधिक ऐकतो आणि शिक्षकांचे ऐकलेच तर ते साक्षीदार असतात म्हणून, असे निरीक्षण नोंदविले (परिच्छेद ४१). परंतु त्याच पत्रकात, सर्वोत्तम साक्षही शब्दांनी स्पष्ट झाली नाही तर अपुरी राहते, असेही त्यांनी बजावले होते (परिच्छेद २२).

आणखी एक मर्यादा आपण काटेकोरपणे पाळली पाहिजे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याविषयीचा जाहीरनामा संमत केला. श्रद्धेचा प्रसार करताना जबरदस्ती किंवा अप्रामाणिक मार्गाने मन वळविण्याचा आभासही होता कामा नये, विशेषतः गरीब आणि अशिक्षित लोकांच्या बाबतीत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे (परिच्छेद ४). आमिष दाखवून मिळविलेली संमती ही श्रद्धा नव्हे. सेवा ही सेवा म्हणूनच करावी. ती कशाची किंमत म्हणून देऊ नये. माणसाचे स्वातंत्र्य जपणे हेही त्याचे देणे आहे आणि म्हणून तोही नीतिमत्त्वाचाच भाग आहे.

वसईचा एक व्यापारी आणि जपानची श्रद्धा

दूर देशातील पण आपल्याशी थेट जोडलेल्या एका उदाहरणाने हा विचार अधिक स्पष्ट होईल. वसईत पोर्तुगीज पिता आणि भारतीय माता यांच्या पोटी जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया तरुणपणी जपानला गेले. तेथे त्यांनी येशूसंघीयांच्या हाताखाली धर्मशिक्षक म्हणून काम केले, जपानी भाषा आत्मसात केली आणि पुढे व्यापारही केला. नंतर मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले. ते धर्मगुरू नव्हते. १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर ते दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेले. राज्यकर्ता तोयोतोमी हिदेयोशी याच्या हुकमावरून ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २६ जणांना क्रुसावर चढविण्यात आले, त्यांत ते होते. या २६ जणांपैकी १७ जपानी प्रापंचिक होते आणि लुईस इबाराकी हा तर अवघ्या १२ वर्षांचा मुलगा होता. पोप नववे पायस यांनी १८६२ साली या सर्वांना संतपद बहाल केले.

पुढे जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर संपूर्ण बंदी आली. धर्मगुरू उरले नाहीत, मंदिरे उरली नाहीत. तरीही अडीचशे वर्षांच्या त्या काळात आई-वडील मुलांना प्रार्थना शिकवीत राहिले आणि गावातील प्रापंचिक माणसे बाळांना स्नानसंस्कार देत राहिली. नागासाकीत याच २६ हुतात्म्यांच्या नावाने ओउरा येथे मंदिर उभे राहिले, तेव्हा १७ मार्च १८६५ रोजी उराकामी गावचे काही लोक तेथे आले आणि आपलीही तीच श्रद्धा असल्याचे त्यांनी फादर बर्नार्ड पेतीजाँ यांना हळूच सांगितले. इतकी वर्षे ज्यांनी तो दिवा तेवत ठेवला त्यांतील बहुतेकांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. दानीएलच्या ताऱ्यांत त्यांची गणना नक्कीच आहे.

आपल्यासाठी काही विचार

स्नानसंस्काराच्या वेळी पास्काच्या मेणबत्तीवरून पेटविलेली मेणबत्ती बाळाच्या नावे पालकांकडे किंवा धर्ममाता-धर्मपित्याकडे दिली जाते आणि तो प्रकाश जपण्याची जबाबदारी त्यांच्यावर सोपविली जाते. म्हणूनच १९८३ सालच्या धर्मसभेच्या कायद्याने धर्ममाता-धर्मपित्याने स्वतः श्रद्धेला साजेसे जीवन जगत असले पाहिजे अशी अट घातली आहे (नियम ८७४). आपण मात्र हे नाते अनेकदा सोन्याच्या साखळीपुरते आणि वाढदिवसाच्या भेटीपुरते उरविले आहे. आपले धर्मापत्य आज कुठे आहे, कसे आहे, याची चौकशी करण्यापासून आपण आरंभ करू शकतो.

दुसरी गोष्ट व्यवहाराची. आपण कोणाची मजुरी थकविली आहे का? आपला वजनकाटा, आपले हिशेब, आपले करपत्रक खरे आहे का? घर, शेत किंवा वाडी विकताना आपण भावंडांचा वाटा लपविला आहे का? हे प्रश्न आध्यात्मिक जीवनाबाहेरचे नाहीत. मोशेच्या नियमशास्त्राने त्यांनाच ‘त्सेदेक’ म्हटले आहे.

तिसरी गोष्ट वाट चुकलेल्यांची. याकोबाच्या पत्राचा शेवट निरोपाच्या नमस्काराने होत नाही. सत्यापासून बहकलेल्याला परत आणणारा त्याचा जीव मरणापासून वाचवितो, या विचाराने ते पत्र थांबते (५:१९-२०). आपल्या ओळखीतील एखादी व्यक्ती मंदिरापासून दुरावली असेल तर तिच्याविषयी चार लोकांत बोलण्यापेक्षा, प्रभूने सांगितल्याप्रमाणे प्रथम तिला एकांतात भेटावे (मत्तय १८:१५). ती का दुरावली हे आधी ऐकून घ्यावे. कदाचित आपल्यापैकीच कोणाच्या वागण्याने ती दुखावली असेल. तसे असल्यास आपण तिची क्षमा मागावी.

एलाजारसमोर जीव वाचविण्याचा सोपा मार्ग होता आणि तो कोणाला कळलाही नसता. आपल्यासमोर इतके मोठे प्रसंग क्वचित येतात. परंतु केवळ देखावा करून निभावून नेण्याचे छोटे मार्ग रोज येतात, आणि त्या वेळी घरातील कोणीतरी लहान व्यक्ती आपल्याकडे पाहत असते. ती आपल्या आचरणातून ख्रिस्ताकडे वळावी, यासाठी लागणारी कृपा आपण सर्वांनी प्रभूजवळ मागू या आणि आज हातात असलेल्या एका व्यवहारापासून, एका नात्यापासून सुरुवात करू या.